दहा वर्षांचा शब्द



परदेशातल्या एखाद्या चर्चने आपल्याकडच्या अनाथ मुलांसाठी पैसे पाठवले असं कळलं, की सावद्याच्या पारावर दोनच मतं निघतात. कुणी म्हणतो, केवढी दया! कुणी म्हणतो, धर्म बदलायला आले. दोघांचंही थोडं थोडं खरं असतं. पण मी विचारतो, पैसे दिले कसे?

डिसेंबर 1887 मध्ये बोस्टन शहरात पंडिता रमाबाईंच्या मदतीसाठी एक संघटना उभी राहिली. अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन पाद्री, आणि सोबत एकमेकांशी न पटणाऱ्या निरनिराळ्या पंथांची माणसं. त्यांनी रमाबाईंना शब्द दिला, तुमची शाळा आम्ही दहा वर्षं चालवू. गावोगावी ‘रमाबाई मंडळं’ निघाली आणि सभासद दरसाल वर्गणी भरू लागले. या भरवशावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. तिथे धर्म शिकवायचा नाही, अशी अट होती. पुढे सदन पुण्याला हललं, आणि रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली बसतात म्हणून 1893 मध्ये तिथे मोठा गदारोळ झाला. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. तो राग उगाच नव्हता. तरी संघटनेची मदत थांबली नाही, म्हणून सदन टिकलं.

मग दुष्काळ आले. 1896-97 मध्ये रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली केडगावला आणल्या, 1900 साली गुजरातेतून. केडगावचं हे मुक्ती सदन मात्र उघड ख्रिस्ती होतं. तिथल्या मुली विणकाम, छपाई, शेती शिकल्या. तेलाचा घाणाही होता. नुसत्या देणगीवर रमाबाई विसंबल्या नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं.

आपल्या भागालाही 1899-1900 च्या दुष्काळाने झोडपलं. तेव्हा अमेरिकेच्या अलायन्स मिशनने मुलांसाठी अकोल्याला आणि मुलींसाठी खामगावला अनाथालय चालवलं. भुसावळहून नागपूरच्या गाडीत बसलं की अकोला लागतंच. घरची माणसं गेली आणि पोरं तिथे वाढली, अशी तेव्हाची रीत.

आता अलीकडची गोष्ट. कम्पॅशन इंटरनॅशनल ही अमेरिकन संस्था. चर्चमधली कुटुंबं एकेका मुलाचा मासिक खर्च उचलत, पत्रं लिहीत. भारतात तिच्या मदतीवर सुमारे 1,45,000 मुलं होती. पैसा धर्मांतराला जातो असा सरकारचा संशय, संस्थेचा नकार. अखेर मार्च 2017 मध्ये तिचं इथलं काम बंद झालं. कोण बरोबर, ते बाजूला ठेवू. ज्या पोरांची फी आणि दुपारचं जेवण त्या पैशावर होतं, त्यांचं काय झालं असेल? 2020 च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगीचे नियम आणखी कडक झाले आहेत.

म्हणून बोस्टनची ती वर्गणी आता आपण भरायला हवी. आपण देतो, नाही असं नाही. वाढदिवसाला केळी वाटतो, फोटो काढतो, घरी येतो. केळीच्या बागेला एकदाच पाटभर पाणी सोडून घड लागतो का, हे सावदेकरांना मी सांगायला नको. आपल्याच बागांत घड कापायला सातपुड्यातून येणाऱ्या मजुरांची पोरं बांधावर बसून असतात, त्यांची शाळा अर्धवट सुटते.

तेव्हा माझं मागणं एवढंच. पाच-सहा घरांनी मिळून जवळचं एखादं बालगृह किंवा वसतिगृह निवडा. ते मंदिराचं, मशिदीचं, चर्चचं की कुणाचंच नाही, हे नंतर. आधी बाल न्याय कायद्याखालची किंवा लागू असेल ती नोंदणी पाहा, तपासलेला हिशेब मागा, पावती घ्या. मुलाचा धर्म बदलणार नाही, हे लेखी मागायलाही लाजू नका. सगळं पटलं, तर एका मुलाचा दहावीपर्यंतचा खर्च उचला आणि दर महिन्याच्या ठरल्या तारखेला पैसे पोचवा.