चाक, दोर आणि पाट



नाशिकच्या परिषदेत गोदावरी, काळाराम, द्राक्षे आणि मिसळ यांची नावे घेऊन स्वागताध्यक्षाने खाली बसावे, अशी रीत आहे. मिसळीची सोय झाली आहे, तेव्हा थेट सायकलकडे वळलेले बरे.

अमेरिकेतील नॉर्मन ट्रिपलेट यांनी सायकल शर्यतींच्या नोंदी चाळून १८९८ साली लिहिले, की एकट्याने घड्याळाशी झुंजणाऱ्यापेक्षा सोबत असलेला सायकलस्वार वेगाने जातो. मग त्यांनी मुलांना गळाची रिळे फिरवायला लावली. सोबतीने काहींचा हात भराभर चालला, काहींचा उलट गडबडला. या गडबडलेल्या मुलांचा पुढे अनेकांना विसर पडतो.

नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या गटात नऊ दिवसांच्या आत पुरी केली. अशा शर्यतीत एक पेडल मारतो तेव्हा दुसरा पाठ टेकतो. कुचराई कुणाची, हे लगेच दिसते.

ते दिसणेच मोलाचे. फ्रान्सचे कृषी अभियंते मॅक्स रिंगेलमन यांनी माणसांना दोर ओढायला लावला. माणसे वाढली तसा दरडोई जोर घटला. पुढे अमेरिकेत बिब लाताने आणि सहकाऱ्यांनी लोकांना घोळक्यात ओरडायला लावले. प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जाणार हे कळताच अंगचोरी थांबली!

नाशिकजवळच्या ओझरच्या शेतकऱ्यांनी मोजण्याचे हे मोल पाटावर अनुभवले. वाघाड धरणाच्या कालव्याचे शेवटचे टोक त्यांच्या वाट्याला. वरच्यांचे भागेपर्यंत खाली पाट कोरडा. बापू उपाध्ये यांच्या समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने नव्वदच्या दशकात तिथे पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. पूर्वी पाणीपट्टी पीक आणि क्षेत्र पाहून लागे, त्यामुळे पाणी वाचवणाऱ्याच्या पदरात काही पडत नसे. संस्थेला पाणी मोजून मिळू लागले आणि काटकसरीला अर्थ आला.

जिद्द अशी भोवतालच्या मांडणीवरही ठरते. तरी पोरगा मागे पडला की 'त्याच्यात जिद्दच नाही' म्हणून आपण मोकळे होतो. स्वागत समितीला हा निकाल घाईचा वाटतो.

अभ्यासकांना एकच विनंती : प्रश्नावल्या महाविद्यालयाच्या फाटकात अडकवू नयेत. ओझर इथून सुमारे वीस किलोमीटर आहे. सवड काढून पाटाच्या टोकापर्यंत जाऊन यावे. गाडीची व्यवस्था समितीने केली आहे.