दीड मिनिटाला एक फोटो: स्टॉप मोशनचं प्लॅनिंग

आजचा विषय आहे स्टॉप मोशन. म्हणजे वस्तू किंचित हलवायची, फोटो काढायचा, परत हलवायची, परत फोटो. मग हे फोटो भराभर दाखवले की वस्तू आपोआप चालते. ॲप फुकट मिळतात, फोन सगळ्यांकडे आहे, त्यामुळे बरेच जण सुरुवात करतात. पण निम्म्यात सोडून देतात. आज त्याबद्दलच बोलू, कारण मावळातल्या अकरावीच्या चार मुलांना मी सध्या यात मदत करतोय.

आधी थोडा इतिहास, आणि तोही आपल्याच भागातला. पुणे-लोणावळा लोकलने जाताना मळवली स्टेशन लागतं ना? राजा रविवर्मांचा छापखाना मुंबईहून या मळवलीत आला होता. घरोघरी भिंतीवर लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं पोचली ती अशा छापखान्यांमुळे. त्या प्रेससाठी फोटो-लिथोचं काम करणारा एक माणूस पुढे लोणावळ्यात स्वतःचा छापखाना काढून बसला. त्याचं नाव धुंडिराज गोविंद फाळके. हो, तेच दादासाहेब.

१९१२ मध्ये फाळक्यांनी लंडनहून कॅमेरा मागवला. विम्याच्या पॉलिसी आधीच तारण होत्या. सिनेमासाठी पैसे लावणारा माणूस हवा होता, आणि नुसत्या बोलण्यावर कोण पैसे देणार? म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि अंकुर फुटून वेल होईपर्यंत थोडं थोडं चित्रण केलं. ही ‘अंकुराची वाढ’. ती बघून यशवंतराव नाडकर्णी पैसे द्यायला तयार झाले आणि ३ मे १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. पुढे १९१५ मध्ये फाळक्यांनी काड्यापेटीतल्या काड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ केली. वाटाणा स्वतः वाढत होता, म्हणजे तो टाइमलॅप्स. काड्या हाताने हलवलेल्या, म्हणजे ते स्टॉप मोशन. शिस्त मात्र दोन्हीकडे सारखीच: कॅमेरा हलता कामा नये आणि मोजणी चुकता कामा नये.

आता मोजणीचंच बघा. फाळक्यांची गोष्ट सांगताना म्हणतात की महिनाभर रोज एक फ्रेम घेतली, आणि फिल्म मिनिटभराची झाली. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे आकडा दिसला की गुणाकार करतो. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ फ्रेम धरायचे. मग ३० फ्रेमची फिल्म दोन सेकंदांत संपेल! एका मिनिटाला ९६० फ्रेम लागतात, म्हणजे महिनाभर रोज ३०-३२. तेव्हा ‘रोज एक’ ही गोष्ट ऐकायला गोड आहे, पण हिशोबात बसत नाही. आपल्याला त्यातून घ्यायचं ते एवढंच: आधी फ्रेम मोजा, मग कॅमेरा हातात घ्या.

आता आपल्या चौघांकडे येऊ. त्यांच्यातल्या एका मुलीच्या घरचं भाताचं खाचर विकायचं ठरलंय. इंद्रायणी लावतात तिथे. या वर्षीची कापणी शेवटची, पुढच्या वर्षी तिथे प्लॉट. त्यावरच फिल्म करायची. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ती दाखवणार आणि समोर तिचे वडील बसलेले असणार.

पहिल्या स्क्रिप्टमध्ये एक दुष्ट बिल्डर होता, रडणारा शेतकरी होता, पैशाची बॅग होती. लांबी तीन मिनिटं. करू हिशोब? आजकाल सेकंदाला १२ फोटो पुरतात. तीन मिनिटं म्हणजे १८० सेकंद, गुणिले १२, म्हणजे २१६० फोटो. वस्तू हलवणं, तपासणं, क्लिक करणं याला एका फोटोमागे सरासरी दीड मिनिट. झाले ५४ तास. आणि यांच्याकडे फोन एकच, तोही आईचा. कामावरून आई सातला येते, नऊनंतर तिला फोन लागतो. म्हणजे रोज दोन तास, अशा १५ संध्याकाळी. एकूण ३० तास. बसत नाही.

मग काय कापायचं? इथे खरी चर्चा झाली. बाकीचे म्हणत होते खाचर कमी दाखवू, बिल्डर ठेवू, लोक टाळ्या वाजवतील. ती म्हणाली, “बाबांनी ताईच्या शिक्षणासाठी विकलंय. बिल्डर दुष्ट दाखवला तर बाबांना काय वाटेल?” सगळे गप्प झाले. शेवटी माणसं सगळीच काढली. राहिलं फक्त खाचर, आणि त्यात एकेक करून उभे राहणारे प्लॉटचे खांब. खांब कशाचे? आगकाड्यांचे. भात कशाचं? केरसुणीच्या काड्यांचं. बॅगेपेक्षा हे सोपं आणि माझ्या मते जास्त बोलकं.

नवा हिशोब असा. टेबलावरचं स्टॉप मोशन ४० सेकंद, म्हणजे ४८० फोटो, म्हणजे १२ तास, म्हणजे सहा संध्याकाळी. उरलेल्या नऊ संध्याकाळी सेट बनवायला, चाचणीला, परत काढायच्या शॉटला आणि लाईट जाण्याला. शेवटी पाच सेकंद खऱ्या खाचराची: बांधावरच्या एकाच दगडावर फोन टेकवून रोज सकाळी ठरलेल्या वेळी एक फोटो, २० दिवस. हिरवं, मग पिवळं, मग कापून उरलेला धस. पण २० फोटो १२ च्या वेगाने दोन सेकंदही टिकत नाहीत. म्हणून प्रत्येक फोटो तीनदा घ्यायचा: ६० फ्रेम, पाच सेकंद. बघा, वाटाण्याचा हिशोब कामाला आला.

आता तुम्ही करणार असाल तर काही गोष्टी आधीच ठरवून टाका.

उजेड. खिडकीजवळ शूट करू नका. आपल्याकडे ढग आला-गेला की फोटो काळा-पांढरा होतो आणि फिल्म लुकलुकते. रात्री, एकाच दिव्याखाली काढा. क्लिक करणाऱ्याने गडद कपडे घाला, कारण पांढऱ्या शर्टाचा उजेडही टेबलावर पडतो.

फोन. एक्सपोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक करा, नाहीतर फोन प्रत्येक फोटोला स्वतःची अक्कल चालवतो. प्रो मोड असेल तर शटर १/५० ठेवा, आपल्या विजेची लहर त्यात पकडली जात नाही. एअरप्लेन मोड लावा. वायरवाल्या इअरफोनचं आवाजाचं बटण बऱ्याच फोनवर क्लिकचं काम करतं, म्हणजे फोनला हात लावावा लागत नाही.

टेबल. टेबलाचे पाय आणि ट्रायपॉडचे पाय जमिनीला टेपने चिकटवा. लाईट गेली तर कोणी काही हलवायचं नाही, बसून गप्पा मारायच्या.

माती. गणपतीची उरलेली शाडू मोहात पाडते, पण ती दिव्याखाली वाळून तडकते. हलणाऱ्या गोष्टींसाठी तेलाची रंगीत क्ले घ्या. शाडू फक्त जमिनीला.

माणसं. एक जण हलवणार, एक क्लिक करणार, एक वहीत शॉट आणि फोटो नंबर लिहिणार. चौथा दर २० फोटोंनी मागचे चालवून बघणार. रोज निघताना फोटो दुसरीकडे कॉपी करायचे, कारण फोन आईचा आहे आणि मेमरी भरली की सगळ्यात आधी तुमचेच फोटो उडणार.

आणि सगळ्यात आधी, दोन सेकंदांची चाचणी. २४ फोटो. घड्याळ लावून काढा. तुमचा फोटो दीड मिनिटात होतो की तीन, ते तेव्हाच कळेल. तीन लागत असतील तर फिल्म अर्धी करा, झोप अर्धी करू नका.

आमची चाचणी येत्या शनिवारी आहे. बांधावरचे फोटो मात्र सुरू झालेत, कारण टेबल थांबू शकतं, भात थांबत नाही. परवा तिने सांगितलं की आता दगडावर फोन नीट बसलाय का ते बघायला रोज सकाळी बाबाच तिच्याबरोबर येतात.

तुमच्या डोक्यात एखादी फिल्म असेल तर आज फक्त एक काम करा. कागदावर लिहा: किती सेकंद, किती फोटो, किती तास, फोन कोणाचा. चार आकडे. बाकीचं पुढच्या भागात, आवाज आणि एडिटिंगवर बोलू तेव्हा. भेटू!