मी आणि माझे भाड्याचे विमान

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



मी काही वक्ती नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. चिटणीसबाईंचे पत्र आले, त्यात लिहिले होते की, "विमान चालवतानाच्या गमतीजमती सांगा, बायकांना ऐकायला आवडेल." गमती पुष्कळ आहेत, त्या सांगेन. पण माझ्याजवळ एक गोष्ट अशी आहे की जी गंमत नाही, आणि ती मी आजवर कोणालाच नीट सांगितलेली नाही. आई समोर पहिल्या रांगेत बसली आहे, म्हणून ती गोष्ट मी शेवटी ठेवते.

मी विमान चालवते असे कळले की पहिला प्रश्न येतो, "पगार किती?" बायांनो, पगार नाही, उलट पैसे मीच मोजते! माझा परवाना खाजगी आहे. त्यावर भाडे घेऊन माणसे न्यायला कायद्याने बंदी आहे. फार तर बरोबरच्यांनी पेट्रोलचा आपापला वाटा उचलावा. विमानसुद्धा माझे नाही. कॅलिफोर्नियातल्या सान होजे गावी आम्ही राहतो, तिथल्या एका क्लबाचे ते आहे. तासाला दीडशे ते दोनशे डॉलर पडतात. ह्यावरून आमच्या घरी एकदा चांगलेच वाजले होते. शेवटी नवी मोटार घ्यायची नाही असे ठरले आणि तंटा मिटला.

विमान म्हणजे सेस्ना १७२. चार माणसांचे, एका पंख्याचे, डोक्यावर पंख असलेले. १९५६ पासून ही जात निघते आहे आणि आजवर चव्वेचाळीस हजारांहून अधिक झाली. आमचे विमान माझ्या धाकट्या भावापेक्षा थोडेसेच लहान आहे. रिकामे असताना ते एखाद्या मोटारीपेक्षाही हलके भरते. ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास धावते आणि तासाला तीसएक लिटर पेट्रोल पिते. आत संडास नाही, हवाई सुंदरी नाही, चहा नाही. आवाज मात्र इतका की कानाला यंत्र लावल्यावाचून शेजारच्याशी बोलता येत नाही.

मी शिकायला लागले तेव्हा शेहेचाळीस वर्षांची होते. साल २०१४. धाकटा मुलगा कॉलेजात गेला आणि घर एकदम रिकामे झाले. लहानपणी आपल्या कऱ्हाडच्या धावपट्टीकडे, कोयनेच्या धरणाच्या दिवसांत बांधलेल्या त्या पट्टीकडे, मी एस.टी.च्या खिडकीतून मान वळवून पाहत असे. ते कुठेतरी मनात राहिले असावे. आपल्या देशात बायकांनी हे फार पूर्वीच करून ठेवले आहे. सरला ठकराल ह्यांनी १९३६ साली, एकविसाव्या वर्षी, घरी लहान मुलगी असताना, साडी नेसून जिप्सी मॉथ विमान एकटीने उडवले. आज तर भारतातल्या विमान कंपन्यांत शंभरात पंधराच्या आसपास वैमानिक स्त्रिया आहेत. अमेरिकेत त्याच्या निम्म्याही नाहीत. तेव्हा मी काही मोठा पराक्रम केला असे कृपा करून समजू नका.

नियमाप्रमाणे चाळीस तासांच्या शिक्षणानंतर परीक्षा देता येते. मला अठ्ठ्याहत्तर तास लागले. उडणे सोपे, उतरणे अवघड, आणि सगळ्यांत अवघड म्हणजे रेडिओवर बोलणे! मनोऱ्यावरचा माणूस भरभर बोलतो आणि आपण तेच त्याला परत म्हणून दाखवायचे असते. मी पोळ्या लाटता लाटता "अल्फा, ब्राव्हो, चार्ली" घोकत असे. यजमान म्हणत, "आज पोळीला कोणाची परवानगी मागितलीस?" प्रथम एकटीने विमान नेले त्या दिवशी शिक्षक खाली उतरून गेले आणि त्यांचे वजन कमी झाल्यामुळे विमान असे काही वर उचलले गेले की मी दचकलेच. उतरल्यावर तिकडची जुनी चाल अशी की, शिकाऊ माणसाच्या सदऱ्याची पाठ कात्रीने कापून भिंतीवर लावायची. मी नेमका नवा कुर्ता घातला होता. तो गेला!

आणखी एक पंचाईत वजनाची. विमानात बसणाऱ्या प्रत्येकाचे खरे वजन विचारावे लागते, कारण चारही जागा भरल्या आणि टाक्याही काठोकाठ भरल्या, तर भार बहुतेक मर्यादेबाहेर जातो. नातलग बायकांना वजन विचारणे हे काय प्रकरण आहे ते तुम्ही जाणताच. सगळ्या दहा वर्षांपूर्वीचे सांगतात. मी मनातल्या मनात प्रत्येकीमागे सात किलो धरते.

आता रोजची गोष्ट. विमान उडवायचे म्हणजे पाऊण तास आधी जाऊन त्याच्याभोवती फिरायचे. शिडीवर चढून टाकीत पट्टी बुडवून पेट्रोल मोजायचे, कारण काट्यावर भरवसा ठेवायचा नसतो. टाकीच्या तळातून थोडे पेट्रोल पारदर्शक पेल्यात काढून उजेडात धरायचे. पाणी असले तर खाली वेगळे दिसते. वेग मोजण्याची एक बारीक नळी पंखाखाली असते, तिच्यात कुंभारीण माशी घर करते, म्हणून ती पाहायची. इंजिनाच्या झाकणात पाखरांनी काड्या आणल्या आहेत का ते पाहायचे. तेल, टायर, पंखांच्या बिजागऱ्या, एकेक खिळा. मग इंजिन सुरू करून ठिणगी देणारे दोन्ही संच आळीपाळीने तपासायचे. एकाने दगा दिला तर दुसऱ्याने चालावे, म्हणून ते दोन.

पेट्रोलवरून आठवले. ह्या विमानांच्या पेट्रोलात शिसे असते, आणि आमचा रीड-हिलव्ह्यू विमानतळ भर वस्तीत आहे. जवळपासच्या मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण अधिक आढळल्याचे २०२१ साली काउंटीने करवून घेतलेल्या पाहणीत दिसले आणि १ जानेवारी २०२२ पासून तिथे शिशाच्या पेट्रोलाची विक्री थांबली. काही वैमानिक मित्र ह्यावर अजून कुरकुरतात. मला ती कुरकुर पटत नाही. आपल्या हौसेचा धूर दुसऱ्याच्या अंगणात जाऊ नये.

तर विमानाभोवती असे फिरायला शिकवताना शिक्षक म्हणाले, "तुला हे पटकन जमले." त्यांना काय ठाऊक! माझे वडील, आमचे अण्णा, बत्तीस वर्षे एस.टी.त ड्रायव्हर होते, आणि त्यांची बरीच वर्षे कऱ्हाड–चिपळूण ह्या वाटेवर गेली. तुमच्यापैकी पुष्कळजणी त्यांच्या गाडीने गेल्या असतील. पहाटे डेपोत गाडी काढण्यापूर्वी अण्णा हातात टॉमी घेऊन तिच्याभोवती पूर्ण फेरी मारीत आणि प्रत्येक टायर ठोकून आवाज ऐकत. कंडक्टर घाई करी, उतारू ओरडत, पण फेरी कधी चुकली नाही. मी लहानपणी त्यांच्यामागे फिरे. मला विमानाची फेरी त्यांनीच शिकवली.

आता ती गोष्ट सांगते. २०१७ च्या जून महिन्यात अण्णा आमच्याकडे आले. वहिनीचे बाळंतपण होते म्हणून आई इकडेच राहिली. अण्णा तेव्हा शहात्तर वर्षांचे. एका रविवारी मी त्यांना विमानाने वॉट्सनव्हिलला जेवायला न्यायचे ठरवले. ते गाव समुद्राजवळ आहे, महाबळेश्वरसारखे स्ट्रॉबेरीचे. मोटारीने डोंगर ओलांडून जायला तासभर लागतो, विमानाने पंचवीस मिनिटे. तिथली एक मैत्रीण डबा घेऊन विमानतळावर येणार होती. मी आठवडाभर सगळ्यांना सांगत सुटले होते.

त्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात सकाळी समुद्रावरून ढगांचा एक सपाट थर आत येतो आणि बहुधा दुपारपर्यंत विरून जातो. त्या दिवशी तो विरायला तयार नव्हता. रेडिओवर वॉट्सनव्हिलची हवा ऐकली. ढगांचे छत पंधराशे फुटांवर, त्याखाली स्पष्ट दिसते आहे. नियमात बसत होते. डोंगरावरून जाता येणार नव्हते, पण पाहारो नदी जिथून डोंगर फोडून समुद्राकडे जाते ती एक खिंड आहे, खाली नदी, रस्ता आणि आगगाडीचे रूळ. मी ठरवले की ढगांखालून, त्या खिंडीतून जाऊ.

खिंडीच्या तोंडाशी सारे ठीक होते. एक वळण गेले. दुसऱ्या वळणावर ढगांचा तळ दोन्ही बाजूंच्या टेकड्यांना टेकला. मी थोडी खाली आले. पुढे पांढरे. मला वाटले, एवढे एक वळण ओलांडले की पलीकडे शेते दिसतील, आणि मैत्रीण वाट पाहते आहे. मी आणखी थोडी खाली आले.

इथे थोडे थांबून सांगायला हवे. तुम्ही म्हणाल, ढगात शिरले तर काय बिघडले, मोठी विमाने शिरतातच की. त्यांच्या वैमानिकांना केवळ यंत्रे पाहून उडण्याचे वेगळे शिक्षण असते, माझ्या परवान्यात ते नाही. आपण फुगडी घालून थांबलो की जमीन फिरत राहते ना? कानाच्या आतले पाणी आपल्याला फसवते. ढगात जमीन दिसत नाही, तेव्हा तेच पाणी खोटे सांगते आणि आपण त्यावर विश्वास ठेवतो. विमान कलत असते आणि आपल्याला ते सरळ आहे असे वाटते. इलिनॉय विद्यापीठाने १९५४ साली असे न शिकलेल्या वीस जणांना सोबत शिक्षक देऊन, ढगात असल्यासारखी स्थिती करून पाहिले. विसांपैकी एकालाही विमान सावरता आले नाही. ताबा सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले. तीन मिनिटेसुद्धा नाहीत. हा आकडा मला परीक्षेसाठी पाठ होता. पाठ असूनही मी पुढे जात होते.

अण्णा बोलले नाहीत. मी सहज त्यांच्याकडे पाहिले, तर त्यांचा उजवा पाय पुढे दाबलेला होता. तिथे ब्रेक नव्हता, विमानातली पावटी मागे होती, पण पाय मात्र गच्च दाबलेला. कुंभार्ली घाटात, पावसाळ्यात, धुक्यात त्यांचा पाय असाच असे. मी मागच्या बाकावरून कितीदा पाहिला होता.

मी वळले. वळतानाही चूक होतीच. दरीत उडताना एका कडेने उडावे म्हणजे वळायला सगळी रुंदी मिळते, मी मधोमध होते. विमान बरेच कलवावे लागले. वेग कमी झाला की पंखातली एक पिपाणी वाजते, विमान आता हवेवर तरणार नाही अशी ताकीद देते. ती कुईं करून वाजली. मी नाक जरा खाली केले, पिपाणी थांबली, डाव्या बाजूची झाडे पानापानांनी दिसली आणि मग समोर उजेड आला. सारे मिळून अर्धे मिनिट झाले असेल.

अलीकडे खोऱ्यात सान मार्टिन म्हणून लहानसा विमानतळ आहे, तिथे लख्ख ऊन होते. उतरलो. इंजिन बंद केल्यावर माझे हात थरथरायला लागले, आधी नाही. अण्णांनी कानावरचे यंत्र काढले, नीट गुंडाळून ठेवले आणि म्हणाले, "माघारी फिरलीस ते बरं केलंस. पण दोन वळणं उशिरा."

मी म्हणाले, "अण्णा, तुम्ही तिथंच का नाही बोललात?"

"गाडी चालवणाऱ्याशी बोलू नये, असं बत्तीस वर्षं माझ्या डोक्यावर लिहिलेलं होतं," अण्णा म्हणाले. मग जरा वेळाने म्हणाले, "घाटात धुकं असलं की मी खाली पोफळीला गाडी लावून बसायचो. उतारू शिव्या द्यायचे. एकदा एकाचं लग्न होतं, नवरदेवच गाडीत होता. त्यालाही बसवला."

मैत्रिणीला फोन केला. ती डबा घेऊन मोटारीने डोंगर ओलांडून आली. तोवर अण्णांनी विमानाभोवती एक फेरी मारली आणि वाकून तिन्ही टायरांवर मुठीने ठोकून पाहिले. मग विमानाच्या पंखाच्या सावलीत बसून आम्ही तिघांनी भरली वांगी आणि भाकरी खाल्ली. परत येताना खोऱ्यातून सरळ आलो, अण्णा सारा वेळ खालचे रस्ते पाहत होते.

पुढच्याच आठवड्यात मी शिक्षकांना बोलावून घडले ते सारे सांगितले आणि त्यांच्याबरोबर सहा तास पुन्हा उडाले. दरीतले वळण, ढगातून बाहेर पडणे, सगळे. तेव्हापासून माझा एक वैयक्तिक नियम आहे, कायद्यापेक्षा कडक: ढगांचे छत तीन हजार फुटांखाली असेल तर मी निघत नाही. त्या नियमामुळे गेल्या वर्षी दोन वाढदिवस आणि एक डोहाळजेवण चुकले. माणसे रागावतात. मी डबा घरी खाते.

त्या रात्री, म्हणजे इकडे दुसऱ्या दिवशीची सकाळ, आईचा फोन आला. "विमानात बसलात का? स्ट्रॉबेऱ्या आणल्यात का?" अण्णांनी सांगितले, "हवा बरी नव्हती, म्हणून अलीकडंच उतरलो. पोरगी चांगली चालवते."

अण्णा २०२१ साली गेले. आई, त्यांनी तुला सांगितले ते खोटे नव्हते, फक्त अर्धे होते. उरलेले अर्धे आज सांगितले. रागवायचे असेल तर घरी गेल्यावर रागव, इथे सगळ्यांच्या समोर नको.