बॉनेट आपणही उघडू

मैत्रिणींनो, द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, तरी बोरघाटाचा चढ तोच आहे. हौसेने जपलेली जुनी फियाट तिथे हमखास तापते. पुरुष तिच्याखाली रविवार घालवतात. बाईने बॉनेटला हात लावला, की ‘हात काळे होतील’! (भांड्यांची काजळी घासताना होत नव्हते वाटतं.) कामशेतची बैठक रात्री संपते, म्हणून जायचं की नाही हे ड्रायव्हरच्या सवडीवर ठरतं.

वाफ दिसली, की गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. दाबाखालचं पाणी उसळून तोंड भाजतं. निवल्यावर पाणी पाहा, मग फॅनबेल्ट. तो तुटला, की पाण्याचा पंपही थांबतो. जादा पट्टा आणि पाने डिकीत असू द्या.

बाहेरची गाडी निवली आहे. झाकण कोण उघडतंय?