अकरावीचे रसायन आणि आपली मुले



मला बोलण्यासाठी ‘विज्ञानाचे महत्त्व’ असा विषय सुचविण्यात आला होता. महत्त्व आपणा सर्वांना पटलेलेच आहे. नाहीतर दहावीच्या निकालानंतर विज्ञान शाखेच्या अर्जासाठी एवढी रांग लागली नसती. मला काळजी वाटते ती त्या रांगेतून आत आलेल्या आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर परत न आलेल्या मुलांची. म्हणून अध्यक्षांच्या परवानगीने मी अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्रापुरतेच बोलणार आहे. तो विषय शिकविण्यात माझे आयुष्य गेले.

काही वर्षांपूर्वी एक पालक मुलीचा दाखला काढून नेण्यासाठी आले. मुलीला दहावीला विज्ञानात उत्तम गुण होते, आणि अकरावीच्या पहिल्या घटक चाचणीत रसायनात पंचवीसपैकी सहा. “तिला झेपत नाही, सर. उगाच दोन वर्षे वाया जातील,” असे त्यांचे म्हणणे. मी तिची उत्तरपत्रिका काढली. गुणाकार-भागाकार सगळे बरोबर होते. प्रश्न काय विचारतो आहे, तेच तिला कळले नव्हते. तो ‘लिमिटिंग रिएजंट’चा प्रश्न होता. मी तिला वडिलांसमोरच विचारले, “एका ताटात तीन घावन आणि एक वाटी कालवण वाढायचे आहे. घावन तीस आहेत, कालवण आठच वाट्या. ताटे किती होतील?” ती लगेच म्हणाली, “आठ. सहा घावन उरतील.” मी म्हटले, “मुली, कालवण हेच तुझे लिमिटिंग रिएजंट. चाचणीत तुला एवढेच विचारले होते.”

दाखल्याचा अर्ज त्या दिवशी मागे गेला. पुढे ती बी. एस्सी. झाली आणि आज औषधांची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. परंतु असे किती अर्ज मी न विचारता सही करून दिले असतील, याचा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

पालकहो, मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्या मुलाच्या वाटेत अकरावीत भाषा आडवी येते. कालपर्यंत ज्याला तो अणू, रेणू, संयुग म्हणत होता, किंवा उर्दू शाळेत जौहर, सालमा, मुरक्कब म्हणत होता, ते जून संपता संपता ‘ॲटम’, ‘मॉलिक्यूल’, ‘कंपाउंड’ होते. वस्तू तीच असते. मूल मात्र समजते की आपल्याला काहीच येत नाही, आणि मग पाठांतराच्या मागे लागते. यावर माझा उपाय अगदी साधा आहे. दोनशे पानी वही घ्यावी. एका बाजूस आपला शब्द, समोर इंग्रजी शब्द आणि त्याखाली स्वतःच्या भाषेत एक उदाहरण. रोज पाच शब्द. दोन महिन्यांत तीनशे होतात आणि अकरावीची बरीचशी वाट मोकळी होते.

आता विद्यार्थ्यांशी बोलतो. तुमच्यापैकी बहुतेकांची गाडी ‘मोल’ या कल्पनेपाशी अडते. हापूस आपण डझनावर घेतो, तांदूळ वजनावर. तांदळाचे दाणे कोणी मोजत बसत नाही. अणू-रेणू तर दाण्याहून कितीतरी लहान. म्हणून वजन करून त्यांची संख्या ओळखायची, ही युक्ती म्हणजे मोल. डझन आंब्यांचे आणि डझन लिंबांचे वजन वेगळे, पण नग बाराच. तसेच १८ ग्रॅम पाणी आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड यांत रेणूंची संख्या सारखीच. १८ ग्रॅम पाणी म्हणजे चहाचे साडेतीन-चार चमचे, त्यात ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात इतके रेणू! जुन्या पुस्तकांत मोलची व्याख्या १२ ग्रॅम कार्बनवरून दिलेली असे. २० मे २०१९ पासून ही संख्याच व्याख्येत निश्चित केलेली आहे. थोरल्या भावाची पुस्तके वापरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. मोल कळला नाही तर पुढची द्रावणे, वायू, विद्युतरसायन हे सारेच धूसर राहते.

दुसरी गोष्ट प्रयोगशाळेची. बारावीला तीस गुण प्रात्यक्षिकाचे असतात आणि ते ‘मिळूनच जातात’ असा समज आहे. नीटच्या शिकवणीपायी वर्षभर ब्युरेट हातात न धरलेली मुले मी पाहिली आहेत. ऑक्झॅलिक आम्लाच्या गरम द्रावणात पोटॅशियम परमँगनेटचा पहिला थेंब पडला की गुलाबी रंग जायला वेळ लागतो. नंतरचे थेंब मात्र पडताच विरतात. का? त्या अभिक्रियेत तयार होणारा मँगनीजचा आयन स्वतःच उत्प्रेरकाचे काम करतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की आयुष्यभर विसरत नाही.

क्षारांच्या परीक्षणाचेही तसेच. तिसऱ्या गटात अमोनियम हायड्रॉक्साइडच्या आधी अमोनियम क्लोराइड घाला, हे सगळे पाठ करतात. कारण विचारले की वर्ग गप्प. क्लोराइडमधल्या अमोनियम आयनांमुळे हायड्रॉक्साइड आयनांचे प्रमाण घटते. म्हणून लोह, ॲल्युमिनियम, क्रोमियम एवढेच खाली बसतात आणि पुढच्या गटांचे धातू द्रावणात राहतात. हेच तत्त्व बारावीच्या आयनिक समतोलाच्या प्रकरणात आहे. ज्याने दोन्ही जोडले, त्याचे निम्मे पाठांतर वाचले.

आपल्या सभांत जाबिर इब्न हय्यानचे नाव घेतले की टाळ्या पडतात. ‘अल्कली’ हा शब्द अरबी आहे हेही खरे. पण त्या टाळ्यांनी मुलाला मोल समजत नाही. मला डॉ. सलीमुज्जमाँ सिद्दिकी अधिक जवळचे वाटतात. अलीगढला त्यांनी तत्त्वज्ञान आणि फारसी घेऊन १९१९ मध्ये पदवी मिळविली. रसायन ते पुढे जर्मनीत शिकले. परत येऊन १९३१ मध्ये दिल्लीत त्यांनी सर्पगंधेच्या मुळांतून एक अल्कलॉइड वेगळे केले आणि हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ त्याला ‘अजमलीन’ नाव दिले. हृदयाच्या ठोक्यांच्या विकारात डॉक्टर त्याचा उपयोग करतात. फारसीकडून रसायनाकडे जाता येते, तर मराठीकडून इंग्रजीकडे का जाता येऊ नये?

लोटे-परशुरामला, महाडला रासायनिक कारखाने आपल्या दारात आहेत. तिथे पिंपे उचलण्यासाठी कोणी मोल विचारत नाही. प्रयोगशाळेत बसायचे तर विचारतात.

पालकांना एकच विनंती. पहिल्या चाचणीचे गुण हाती आले की घरात निर्णय घेऊ नका. उत्तरपत्रिका पाहायला मागा, मुलाला बरोबर घेऊन शिक्षकांकडे या, आणि चुकलेला प्रश्न त्याला एकदा घरच्या भाषेत विचारून पाहा. दाखल्याचा अर्ज त्यानंतरही मिळतो.