खेळणी आणि मुलांचा खेळ

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराच्या या प्रसंगी मी अभ्यासावर चार शब्द बोलावेत, अशी आपली अपेक्षा असेल. परंतु सारा जन्म प्राथमिक शाळेत घालविलेल्या माझ्यासारख्या सामान्य शिक्षकाला आज खेळण्यांविषयी बोलावेसे वाटते. विषय पोरकट नाही. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकाला नावच मुळी एका खेळण्यावरून पडले आहे. चारुदत्ताचा लहानगा रोहसेन मातीची गाडी नको, सोन्याची हवी, म्हणून रडतो आणि वसंतसेना आपले अलंकार त्या गाडीत घालते. आपणही घरोघर हेच करतो. मात्र खेळण्याच्या किमतीने खेळात किती भर पडते, हे कोणी पाहत नाही.

वयाबरोबर खेळ बदलतो, म्हणून खेळणेही बदलावयास हवे. पाळण्यातील बालकाला रंग, नाद आणि स्पर्श यांची ओळख हवी असते. त्याला खुळखुळा पुरतो. पाऊल टाकू लागल्यावर पांगुळगाडा आणि पुढे चेंडू, भोवरा, विटीदांडू. यांनी हातपाय बळकट होतात व नजर आणि हात यांचा मेळ बसतो. सागरगोटे किंवा सापशिडी खेळताना मूल आपली पाळी येईपर्यंत थांबावयास आणि हार सोसावयास शिकते. हे धडे पाठ्यपुस्तकातून देता येत नाहीत.

सर्वांत समृद्ध खेळ मला भातुकलीचा वाटतो. सावंतवाडीच्या चितारआळीतील रंगीत लाकडी बोळकी आपल्यापैकी अनेकांनी हाताळली असतील. त्या एवढ्याशा चुलीपाशी मूल कधी आई होते, कधी पाहुणा, कधी वैद्य. घरात ऐकलेली भाषा ते तेथे बोलून पाहते. मनातील भीती आणि रुसवा बाहुलीच्या तोंडून सांगते. भातुकली मुलींचीच, हा आपला समज चुकीचा आहे. ज्या मुलाने लहानपणी खोटा स्वयंपाक रांधला, त्याला मोठेपणी खऱ्या स्वयंपाकघरात संकोच वाटणार नाही.

चौथा प्रकार रचनेच्या खेळण्यांचा. 1840 साली बालोद्यानाची कल्पना मांडणाऱ्या जर्मनीतील फ्रोबेल यांनी लोकरीचे चेंडू आणि लाकडी ठोकळे हीच शिक्षणाची साधने मानली. आठ लहान घनांचा एक मोठा घन होतो, हे मूल सांगितल्यावाचून शिकते. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, तेव्हा मॉन्टेसरीची महाग साधने खेड्याला परवडणारी नव्हती. त्यांनी शिंपले, बिया, खडे, पाने यांनाच साधने केले. ज्या खेळण्यात मुलाला करण्यासारखे पुष्कळ असते, ते खरे खेळणे. कळ दाबली की आपणच नाचणारे खेळणे मुलाला केवळ प्रेक्षक करते. आजचा भ्रमणध्वनी तर खेळणे नव्हेच.

हे शहाणपण मला फार उशिरा आले. नोकरीच्या आरंभीच्या काळात माझ्या वर्गातील एका मजुराच्या मुलाने दोऱ्याच्या रिकाम्या रिळाची गाडी केली होती. रिळातून रबर ओवलेले, एका टोकाला मेणबत्तीची चकती आणि त्यावर आडवी काडी. काडी फिरविली की रबराला पीळ बसे. सोडली की तो पीळ हळूहळू उलगडे आणि गाडी आपोआप चाले. चढ चढावा म्हणून त्याने रिळाच्या कडांना खाचाही पाडल्या होत्या. गणितात तो कच्चा होता. मी चारचौघांत त्याला बोल लावला आणि गाडी काढून घेतली. तो आठवडाभर मागत राहिला. मी दिली नाही. दिवाळीच्या सुटीनंतर त्याचे कुटुंब कामासाठी दुसरीकडे गेले. तो पुन्हा शाळेत आला नाही.

गेल्या वर्षी जुन्या ट्रंकेत ती गाडी माझ्या नातवाला सापडली. "आजोबा, ही कोणी केली?" असे त्याने विचारले. रबर केव्हाच विरले होते. आम्ही नवे घातले आणि गाडी चालली. नातवाला आनंद झाला. मला मान वर करवेना. त्या मुलाजवळ यंत्रशास्त्राची जाण होती आणि मी शिक्षक असून ती ओळखली नाही.

म्हणून मंडळाकडे माझ्या तीन नम्र विनंत्या आहेत. सभागृहात खेळण्यांचे एक कपाट असावे. घरोघरी पडून असलेली चांगली खेळणी तेथे जमा व्हावीत आणि पुस्तकांप्रमाणे ती मुलांना घरी नेता यावीत. आळीतील सर्वच मुलांना, ज्ञात न विचारता. दुसरे, गुणांच्या बक्षिसांबरोबर स्वतः बनविलेल्या खेळण्यासाठीही एक बक्षीस ठेवावे. तिसरे, विकत घेताना आयएसआय चिन्ह पाहावे. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना ते आवश्यक आहे. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती तोंडात जातील असे सुटे भाग देऊ नयेत.

कपाटासाठी पहिली वस्तू म्हणून ती रिळाची गाडी मी आज अध्यक्षांच्या स्वाधीन करीत आहे. ती माझी नव्हे. तिचा मालक कधी आला, तर ती त्याला सन्मानाने परत करावी, एवढीच अट.