भांडवलाआधी हिशेब

दुष्काळी माणदेशातील म्हसवड येथे स्त्रियांनी स्वतःच्या सहकारी बँकेचा परवाना मागितला, तेव्हा सभासद निरक्षर म्हणून तो नाकारला गेला. चेतना सिन्हा यांच्यासह त्या अक्षरे गिरवून परत गेल्या आणि म्हणाल्या, व्याज आम्ही तोंडी काढतो. तुमचे अधिकारी यंत्रावाचून काढतील काय? १९९७ साली बँक निघाली, २००६ साली व्यवसायशाळाही. या शाळेचे प्रयोजन काय? शेळी विकून आलेले सारेच रुपये नफा मानले, तर मुद्दल पोटात जाते व कर्ज मागे उरते. मुद्दल आणि नफा निराळे ओळखणाऱ्या स्त्रीपाशी मात्र, पाऊस चुकला तरी, पुन्हा शेळी घेण्यापुरती पुंजी उरण्याची आशा असते. दारिद्र्याइतकीच उद्याची धास्तीही माणसास खचविते; जमाखर्चाची वही या दोहोंशी झुंजावयास शिकविते.